समुद्रावर जाणाऱ्या मुलांचे आईबाप
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवांतील पालकसभेंत वाचलेलें भाषण)



आम्ही कोणी विद्वान् वक्ते नव्हे. आमची कन्या नौदलांत अग्निवीर म्हणून दाखल झाली. तिचें शिक्षण चालूं असतां आईबापांनीं काय करावें व काय करूं नये, याचा जो अनुभव आमच्या पदरीं पडला, तो इतर पालकांच्या उपयोगीं पडावा, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

आपला वर्धा जिल्हा समुद्रापासून फार दूर. पावसाळ्यांत दुथडी भरून वाहणाऱ्या वर्धा आणि धाम या नद्या, एवढेंच आपलें जलदर्शन. फौज आपणांस अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. पुलगांवचें दारूगोळ्याचें मोठें कोठार आपल्याच जिल्ह्यांत आहे. तथापि रेल्वे, शाळा, दवाखाना आणि कापसाची गिरणी येथील नोकरी आपल्या घरांत जशी समजते, तशी जहाजावरची समजत नाहीं. वास्तविक मराठी माणसाचें समुद्राशीं नातें जुनें आहे. कान्होजी आंग्रे यांचें नांव कोणास ठाऊक नाहीं? १९२७ सालीं मुंबई बंदरांत 'डफरिन' ही शिक्षणनौका सुरू झाली व हिंदी तरुणांस नौकानयनाचें दार उघडलें. भास्कर सोमण हे १९६२ पासून १९६६ पर्यंत नौदलाचे प्रमुख होते. २ सप्टेंबर २०२२ रोजीं नौदलानें नवें निशाण स्वीकारलें, त्याचा अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. म्हणून 'आपल्या लोकांचें हें काम नव्हे' हें म्हणणें इतिहासास धरून नाहीं.

प्रथम हें शिक्षण कोठें व कसें होतें, तें सांगितलें पाहिजे. अधिकारी होऊं इच्छिणारीं मुलें केरळांत कण्णूर जिल्ह्यांतील एळिमला येथील भारतीय नौदल अकादमींत जातात. त्यांपैकीं कांहीं जण आधीं पुण्याजवळ खडकवासल्याच्या प्रबोधिनींत तीन वर्षें काढून येतात. खलाशी म्हणून भरती होणाऱ्यांचें पहिलें घर म्हणजे ओडिशांत चिल्का सरोवराच्या कांठीं असलेली 'आयएनएस चिल्का' ही संस्था. तेथें सुमारे चार महिने कवाईत, धांवणें, पोहणें, बंदूक चालविणें आणि नौकेवरील शिस्तीचे प्राथमिक धडे दिले जातात. पुढें ज्याच्या त्याच्या शाखेचें शिक्षण : यंत्रशाखेचें लोणावळ्याच्या 'शिवाजी'मध्यें, विद्युत् शाखेचें जामनगरच्या 'वालसुरा'मध्यें, रसदशाखेचें मुंबईंत मालाडच्या 'हमला'मध्यें, तर तोफांचें कोचीच्या 'द्रोणाचार्य'मध्यें. या सर्व संस्था जमिनीवर आहेत. 'आयएनएस' हीं अक्षरें वाचून मूल पहिल्याच दिवशीं खोल समुद्रांत गेलें, असें समजून पुष्कळ आया व्याकुळ होतात. त्यांनीं तेवढी चिंता सोडावी.

मुलींस खलाशी म्हणून घेण्याचा प्रघात अग्निपथ योजनेबरोबर, म्हणजे २०२२ सालापासून सुरू झाला. २८ मार्च २०२३ रोजीं चिल्का येथें अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचें दीक्षान्त संचलन सूर्यास्तानंतर झालें. त्या सुमारे २,६०० शिक्षणार्थ्यांमध्यें २७३ मुली होत्या. आमच्या कन्येनें ही हकीकत वर्तमानपत्रांत वाचली आणि तिच्या मनानें तेव्हांच घेतलें.

अठरा वर्षें पुरीं न झालेल्या उमेदवाराच्या कागदांवर आईबापांची सही लागते. ही सही करतांना हात कांपतो, हें आम्ही लपवून ठेवीत नाहीं. परंतु त्या सहीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ती सही म्हणजे मुलास ढकलणें नव्हे आणि त्याच्यावर उपकार करणेंही नव्हे. निर्णय मुलाचा आहे व त्या निर्णयाच्या पाठीशीं आपण आहों, एवढीच ती साक्ष. ज्या घरीं बापाची अपुरी राहिलेली हौस मुलाच्या अंगावर वर्दीच्या रूपानें चढविली जाते, तेथें पहिल्या कठीण रात्रींच मुलाचा धीर सुटतो. कारण सोसण्याचें कारण त्याचें स्वतःचें नसतें.

सहीपूर्वीं हिशेबही पाहावा. धर्मसभेंत पैशाची गोष्ट काढली म्हणून कोणी रागावूं नये. गरिबाच्या घरीं हिशेब हेंही कर्तव्यच आहे. योजना १४ जून २०२२ रोजीं जाहीर झाली. तेव्हां ठरलेल्या अटींप्रमाणें नेमणूक चार वर्षांची. पहिल्या वर्षीं मासिक वेतन ३०,००० रुपये, पुढें ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षीं ४०,००० रुपये. यांतील शेंकडा ३० सेवानिधींत जातात, म्हणजे पहिल्या वर्षीं हातीं २१,००० रुपये येतात. चार वर्षांत मुलाचे ५ लाख २ हजार रुपये जमतात व सरकार तितकेच घालतें. व्याज धरून ही रक्कम सुमारे ११ लाख ७१ हजार होते. निवृत्तिवेतन नाहीं. ४८ लाखांचा विमा आहे, त्याचा हप्ता मुलास भरावा लागत नाहीं. चार वर्षांनंतर जास्तींत जास्त शेंकडा २५ जणांस कायम केलें जातें. म्हणजे चार मुलांपैकीं तीन मुलें घरीं परत येणार, हें पहिल्या दिवसापासून मनांत धरून चाललें पाहिजे. जे पालक 'पोरगी सरकारी नोकरीस लागली, आतां चिंता मिटली' असें म्हणून त्या वेतनाच्या भरंवशावर घर बांधण्यास कर्ज काढतात, ते मुलाच्या खांद्यावर बंदुकीहून जड ओझें ठेवतात. आम्हीं तिच्या वेतनास हात न लावण्याचें ठरविलें आणि तें अद्याप पाळलें आहे.

आतां विवाहाची गोष्ट. या चार वर्षांत अग्निवीरास विवाह करण्याची परवानगी नाहीं. आमच्या नातेवाइकांनीं एक स्थळ आणलें व 'निदान साखरपुडा तरी उरकून घ्या' असा आग्रह धरला. आम्हीं हात जोडून नकार दिला. शिक्षणाच्या काळांत मुलीच्या मनांत दोन घरांचे विचार घालणें आम्हांस इष्ट वाटलें नाहीं.

निघण्यापूर्वींच्या दिवसांत काय शिकवावें, असें पुष्कळ जण विचारतात. आमचें उत्तर साधें आहे. अंथरूण स्वतः घालावें व काढावें, कपडे स्वतः धुवावे, भांडें स्वतः घांसावें, पहांटे कोणी न उठवितां उठावें, आणि पानांत पडेल तें खावें. हें ज्यास येतें, त्याचें निम्में शिक्षण घरींच झालें. पोहणें मात्र शक्य असल्यास आधीं शिकवावें; आपल्या कोरड्या मुलखांतील मुलांस पाण्याचें भय वाटतें. कागदपत्रांच्या प्रती घरीं नीट लावून ठेवाव्या. यादींत नसलेलें सामान प्रेमानें कोंबूं नये.

येथें एक प्रश्न आम्हांस अनेकांनीं विचारला : जेथें महात्मा गांधी १९३६ सालीं येऊन राहिले, त्या सेवाग्रामच्या जिल्ह्यांतून मुलीला शस्त्र हातीं घेण्यास पाठवितां, हें कसें? प्रश्न रास्त आहे. शस्त्र आणि अहिंसा यांतील भेद आम्ही शब्दांनीं पुसून टाकूं इच्छीत नाहीं. आम्हीं मुलीस एवढेंच सांगितलें कीं, हा प्रश्न मनांत जिवंत ठेव. ज्याच्या हातीं शस्त्र आहे त्याला तो इतरांहून अधिक पडला पाहिजे. आणि नौदलाचें काम केवळ युद्धाचें नाहीं, हेंही खरें. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळांत मुंबईजवळच्या समुद्रांत पी-३०५ हा तराफा बुडाला, तेव्हां खवळलेल्या लाटांतून १८० हून अधिक माणसांस वांचविण्यांत आलें. त्या कामीं 'कोची' व 'कोलकाता' या युद्धनौका पुढें होत्या. २०२० च्या महामारींत नौदलाच्या जहाजांनीं परदेशीं अडकलेल्या ३,९९२ देशबांधवांस घरीं आणलें.

शिक्षण सुरू झालें म्हणजे आईबापांची खरी परीक्षा सुरू होते. हवा तेव्हां फोन मिळत नाहीं. पांच मिनिटांच्या बोलण्यासाठीं आठवडाभर वाट पाहावी लागते. तिसऱ्या आठवड्यांत आमच्या कन्येचा फोन आला. ती रडत होती. म्हणाली, "आई, मला येथें राहवत नाहीं. बाबांना सांग, मला घेऊन जा."

बंधुभगिनींनो, अशा वेळीं दोन उत्तरें ओठांवर येतात. एक, 'ये बाळ, लगेच निघून ये.' दुसरें, 'आतां परत आलीस तर लोक काय म्हणतील?' हीं दोन्ही उत्तरें आम्हीं गिळलीं. पहिल्यानें मुलाचा धीर खचतो. दुसऱ्यानें त्याचा आधार तुटतो. शिवाय स्वतःच्या विनंतीवरून मुदतीपूर्वीं सुटका मिळणें नियमानें अपवादात्मकच आहे, तेव्हां सहज 'ये' म्हणणें म्हणजे आपल्या हातीं नसलेलें देणें. आम्हीं विचारलें : जेवतेस का? पायांस फोड आले का? कोणी हात लावला, कोणी अपमान केला, असें आहे का? तिनें सांगितलें कीं, तसें कांहीं नाहीं. पाण्याचें भय वाटतें आणि सर्वांत मागें मी राहतें. तेव्हां तिचे बाबा म्हणाले, "पोरी, घराचें दार तुला केव्हांही उघडें आहे. पण आजचा दिवस पुरा कर. उद्यांचें उद्यां पाहूं." फोन बंद झाला. त्या रात्रीं आमच्या घरीं कोणासही झोंप आली नाहीं.

हे प्रश्न आम्हीं सहज विचारले नव्हते. कष्ट वेगळे आणि अन्याय वेगळा, हा भेद पालकांनीं ओळखला पाहिजे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईच्या 'तलवार' संस्थेंतील खलाशांनीं निकृष्ट अन्न व अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप केला, आणि तो वणवा सुमारे वीस हजार खलाशांपर्यंत पसरला. त्या मुलांची तक्रार नाजूकपणाची नव्हती. म्हणून मूल रडलें कीं 'सोस' एवढेंच म्हणून गप्प बसविणें योग्य नव्हे. दमणूक, घाम, घरची आठवण, हे कष्ट. तेथें धीर द्यावा. मारहाण, छळ, लज्जास्पद वर्तन, हा अन्याय; तेथें मुलास सांगावें कीं, वरिष्ठांकडे रीतसर तक्रार कर, आम्ही तुझ्या पाठीशीं आहों. मात्र कष्ट कमी व्हावे म्हणून कोणा ओळखीच्या मोठ्या माणसाचा वशिला लावूं नये. तसें केल्यास मूल सोबत्यांच्या नजरेंतून उतरतें.

फोन नसे तेव्हां आम्हीं पत्रें लिहिलीं. त्यांत उपदेश नव्हता. कापूस किती निघाला, धाकट्यानें शाळेंत काय गोंधळ घातला, शेजारच्या आजी तिची कशी चौकशी करतात, एवढेंच. पुढें ती म्हणाली कीं, घर जेथल्या तेथें आहे, हें त्या पत्रांवरून समजे आणि मग धांवतांना मन मागें ओढलें जात नसे. सातव्या आठवड्यांत तिनें फोनवर सांगितलें, "बाबा, मी आज तलाव पार केला." आम्हीं त्या दिवशीं घरीं गोड केलें.

संकटाची गोष्ट टाळून हें भाषण पुरें होणार नाहीं. ९ डिसेंबर १९७१ रोजीं 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ खलाशी समुद्रांत गेले. दूर कशाला? ३१ मे २०१६ रोजीं आपल्याच पुलगांवच्या कोठारास आग लागली, तेव्हां ती विझविण्यास गेलेले अधिकारी, जवान व अग्निशामक प्राणांस मुकले. त्यांनाही आईबाप होते. आम्ही या भयावर औषध सांगूं शकत नाहीं. तें मुलासमोर ओकूं नये आणि आपसांत दडपूंही नये. पतिपत्नींनीं तें एकमेकांजवळ बोलावें व प्रभुचरणीं ठेवावें. या धर्मग्रामांत ज्यांनीं आम्हांस न विचारतां मिस्सेंत तिचें नांव घेतलें, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाहीं.

शेवटीं धर्मग्रामास आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली : असें मूल सुटींत घरीं आलें म्हणजे त्याची मिरवणूक काढूं नका. त्याला झोंपूं द्या, आईच्या हातचें खाऊं द्या, आणि त्याच्या तोंडून निघेल तेवढेंच ऐका. दुसरी : चार वर्षांनीं जें मूल कायम न होतां परत येईल, त्याला 'काढून टाकलें' म्हणूं नका. त्यानें करार पुरा केला आहे. तेवढ्या काळांत इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठांतून पदवीचा अभ्यास करण्याचीही सोय आहे; तेव्हां आपल्यांतील शिक्षकांनीं व धंदेवाल्यांनीं अशा मुलांस पुढील वाट दाखवावी. तिसरी विनंती सर्वांत कळकळीची आहे. जें मूल दुखापतीनें, आजारानें अथवा मन न लागल्यामुळें शिक्षण पुरें होण्याआधींच परत येईल, त्याच्या आईबापांस रस्त्यांत गांठून कारणें विचारूं नका. त्या घरीं जा, चहा घ्या, आणि पावसापाण्याचें बोला. जें मूल गेलें व टिकलें, त्याला आपण सारे टाळ्या देतों. परंतु जें परत आलें, त्याला पुन्हां ताठ मानेनें रविवारीं देवळांत येतां आलें पाहिजे. तें ज्या दिवशीं साधेल, त्या दिवशीं पुढच्या आईबापांचा सही करतांना हात थोडा कमी कांपेल.