येवले : एक गाव, अनेक हात
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



'आपले गाव व आपला साळी समाज' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी चालकांची आज्ञा झाली. विषय जिव्हाळ्याचा खरा. परंतु विचार करू लागताच एक अडचण उभी राहिली. येवल्यातून आपला समाज तेवढा बाजूस काढून त्याविषयी बोलणे काही केल्या जमेना.

नाशिक जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव राघोजी नाईकांनी वसविले. त्यांनी गुजराती व्यापाऱ्यांना व रेशीम विणणाऱ्या कारागिरांना आश्रय दिला, आणि त्या आश्रयावर पेठ उभी राहिली. १८५८ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. १९०१ च्या खानेसुमारीत गावची वस्ती साडेसोळा हजारांच्या घरात होती. २०११ साली ती पन्नास हजारांच्या आसपास गेली. तात्या टोपे यांचे जन्मगाव म्हणूनही येवल्याचे नाव घेतले जाते.

ज्या पैठणीमुळे गावची कीर्ती झाली, तिचाच विचार करू. रेशीम बाहेरून येते, जर सुरतेहून येते. व्यापारी माल आणतो, रंगारी रंग चढवितो, सुतार माग जुळवितो, घरातील स्त्रिया कांड्या भरतात. मागावर बसणारे साळी आहेत, कोष्टी आहेत, खत्री आहेत आणि मोमीनही आहेत. पदरावरील मोराच्या प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी लागते. एक कांडी चुकली तर मोर बिघडतो. लग्नघरी पैठणी नेसताना ती कोणत्या जातीच्या हातची, हे कोणीही विचारीत नाही.

धाग्याला आपण जात विचारली नाही. माणसाला मात्र विचारीत आलो. याच गावी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून १९३० पासून सत्याग्रह चालला होता, तरी ते उघडले नव्हते. येवल्याचा अभिमान सांगताना हा प्रसंग वगळून चालणार नाही. भगवान जिव्हेश्वरांचे नाव घेणाऱ्या आपणांस तर तो विशेष विचार करावयास लावणारा आहे.

१९३१ नंतरच्या खानेसुमारीत सर्व जातींची गणती झाली नाही. आगामी जनगणनेत ती करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ साली घेतला. आपल्या संस्थेतही कुटुंबांची नोंदवही करावी, अशी सूचना आहे. माझा तिला विरोध नाही. आपण किती आहोत, कोठे आहोत, किती मुले शिकतात, हे कळलेच पाहिजे. परंतु संख्या मोजण्याचा हेतू केवळ बळ दाखविण्याचा असेल, तर ती वही कपाटात पडलेली बरी.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, नोंदवहीत एक रकाना वाढवावा : या घरी माग चालू आहे काय, आणि पुढील पिढी त्यावर बसणार आहे काय? आणि ज्या मुलाच्या घरी माग आहे, त्याला आपल्या शिक्षणनिधीतून साहाय्य मिळावे. मग ते घर साळ्याचे असो, कोष्ट्याचे असो, खत्र्याचे असो वा मोमिनाचे असो. काही सभासदांस हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. निधी आपल्या समाजाच्या वर्गणीचा आहे, हा त्यांचा आक्षेप खोटा नाही. पण शेजारचा माग बंद पडला, की रंगारी बसतो, व्यापारी दुसरे गाव पाहतो, आणि मग आपलाही माग फार दिवस चालत नाही. शेजाऱ्याला हात देणे हा येथे निव्वळ परोपकार नव्हे.

पैठणीचा पदर उलटून पाहिला तरी सुलट बाजूसारखाच दिसतो. आपल्या संस्थेचा व्यवहारही आतून-बाहेरून तसाच असावा, एवढीच माझी इच्छा आहे.