शाळा सुटल्यानंतरचे तास



सीमाप्रश्न म्हटला की १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोग आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. तो लढा चालू राहिलाच पाहिजे. परंतु ज्या भाषेसाठी आम्ही लढतो, ती आमच्या मुलांना सफाईने वाचता-लिहिता येते काय, हा प्रश्न न्यायालयाच्या तारखेची वाट पाहत थांबत नाही.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्यांनी सोयी कराव्यात, असे घटनेचे ३५०-अ कलम सांगते. त्यासाठी आम्ही भांडूच. पण शाळा उत्तम चालली, तरी तिच्या हाती वेळ तो किती? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वर्षाकाठी पाचवीपर्यंत ८०० आणि सहावी ते आठवीपर्यंत १,००० अध्यापनतास ठरविले आहेत. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे आठवा हिस्सादेखील शाळेच्या वाट्याला येत नाही. उरलेल्या वेळात संपन्न घरचे मूल शिकवणीस जाते. मजुराचे मूल गल्लीत राहते. पुढे तेच मूल मागे पडले की दोष मात्र मराठी शाळेच्या माथी येतो.

यावर गावोगावी सायंकाळचे अभ्यासवर्ग हा उपाय आहे. मात्र दिवा लावून दार उघडले, की काम झाले असे नव्हे. २००५ च्या सुमारास उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ संस्थेच्या साह्याने गावच्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालविले. जी मुले आली, त्यांचे वाचन सुधारले. पण बहुतेक मुले आलीच नाहीत! उलट कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. मूल शाळेत येऊ शकत नाही, तर शाळाच कुरणावर गेली. या दोन अनुभवांत आमच्या कार्याचे सूत्र सापडते.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा या गावांनी साहित्यसंमेलने भरवून लोकशक्तीचे दर्शन घडविले आहे. तीच शक्ती वर्षातील एका दिवसाऐवजी रोज दोन तास का राबू नये? देवळाचा सभामंडप, तालीम, वाचनालय, जेथे मुले जमतात तेथेच वर्ग भरवावा. मुलांचे गट इयत्तेवरून न पाडता, कोणास किती वाचता येते, ते पाहून पाडावेत. प्रथम गोष्ट, मग लेखन, मग गणित, थोडा खेळ. कन्नडही तेथे नीट शिकवावे. आमचे वैर कोणत्याही भाषेशी नाही. शिकविणाऱ्या तरुणास वर्गणीतून नियमित मानधन द्यावे, कारण केवळ उत्साहावर चालणारे काम पावसाळ्यापुढे टिकत नाही. न आलेल्या मुलाच्या घरी त्याच आठवड्यात कोणीतरी जावे. आणि एक वर्ग वर्षभर नीट चालल्याशिवाय दुसऱ्याचा नारळ फोडू नये.

बंधुभगिनींनो, न्यायालयाचा निकाल आमच्या हाती नाही. सायंकाळचे हे दोन तास मात्र आमच्या हाती आहेत. उद्या ही भूमी महाराष्ट्रात गेली आणि तिच्यावर मराठी वाचणारे मूलच उरले नाही, तर तो विजय आम्ही कोणाच्या ओटीत घालणार आहोत?