थंडीचा खेळ



ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंचीच खेळणी केली. आपल्या बालवाडीतही आम्ही तीच रीत ठेवली आहे. पौषात मुलांना थंडीची ओळख करून द्यावी, म्हणून मी चिंध्यांच्या बाहुल्या मांडल्या नि म्हटले, "बाहुल्यांना हुडहुडी भरली आहे, त्यांना पांघरूण घाला बरे!"

सर्वांनी घातले. एका चिमुरडीने मात्र बाहुलीचे दुपटे स्वतःच्याच खांद्यावर ओढले. मी रागावणार, तोच शेजारचा मुलगा म्हणाला, "बाई, तिलाच थंडी वाजतेय!" आणि त्याने आपलेही दुपटे तिला दिले. माझी मान खाली गेली. रोज तिचा हात धरणाऱ्या मला तिचे उघडे दंड दिसले नव्हते!

संक्रांतीला तिळगूळ वाटण्याचे काम मी तिलाच दिले. जिला मदत मिळाली, तिलाही देण्याचा आनंद हवाच ना?

भगिनींनो, घरोघरी जुनी लुगडी-पातळे आहेत. चला, लहान गोधड्या शिवू. मात्र त्या समारंभाने वाटायला नकोत. खेळाच्या पेटीत ठेवू, म्हणजे कोणाही बाळाला मागण्याची पाळी येणार नाही.