सीमा किती बारीक आखावी?



नल्लाकुंट्याच्या फीव्हर हॉस्पिटलला आपल्या घरातली जुनी माणसे ‘कोरंटी दवाखाना’ म्हणत आली. कोरंटी म्हणजे क्वारंटाइन. साथ आणि बंदी या शहराला नवी नाही. कोरोना ओसरला असला तरी पुढच्या साथीत गल्ली बंद करायची की सारा जिल्हा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहील. त्याचा शांतपणे विचार करण्याची वेळ आताच आहे.

३० एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने देशातील जिल्ह्यांना लाल, नारिंगी आणि हिरवा असे रंग दिले. हैदराबाद, रंगारेड्डी आणि मेडचल-मलकाजगिरी हे तिन्ही जिल्हे लाल ठरले. रंगारेड्डीत एल. बी. नगर आहे, तशी शहरापासून दूरची शेतीची खेडीही आहेत. दोघांना रंग एकच. १७ मे रोजी हा अधिकार राज्यांकडे आला आणि वॉर्डासारखा लहान भाग धरण्याची मुभा मिळाली.

रुग्णांभोवती ३ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखण्याचीही पद्धत होती. कोठीच्या चौकात कंपासचे टोक ठेवून पाहा. सुलतान बाजार, काचीगुडा, नारायणगुडा, बेगम बाजार, थेट चारमिनारपर्यंत सारे आत येते! एवढ्या वस्तीला दूध, औषध, किराणा घरपोच कोण देणार? पुढे महापालिकेने ही क्षेत्रे लहान करत गल्ली आणि इमारतीपर्यंत आणली. ते योग्यच झाले.

मग सीमा जितकी लहान तितकी चांगली, असे म्हणावे काय? आमच्या मते नाही. एकच घर बंद करायचे तर रोग शेजारी पोहोचलेला नाही, हे ठाऊक असावे लागते. त्यासाठी चाचण्या हव्यात आणि त्यांचा निकाल लवकर हवा. २०२० मध्ये चाचण्या कमी होतात म्हणून तेलंगणा उच्च न्यायालयाने सरकारला खडसावले होते. माहिती अपुरी असताना आखलेली बारीक सीमा म्हणजे डोळे झाकून ओढलेली रेघ.

दुसरी गोष्ट विश्वासाची. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रँडसाहेबाच्या अमदानीत गोरे शिपाई घरोघरी शिरले. तपासणी अगदी उंबरठ्यापर्यंत पोहोचली होती. पण लोकांनी भीतीने रोगी लपवले. दारावर कागद चिकटवला आणि आतल्या म्हाताऱ्या जोडप्याची चौकशी कोणी केली नाही, तर आजही तेच होईल.

म्हणून आमचे म्हणणे असे. सीमा नकाशावरून नव्हे, वहिवाटीवरून ठरावी. एक जिना, एक नळ, एक बाजार वापरणारी माणसे एका सीमेत यावीत. वॉर्डाची हद्द रस्त्याच्या मधोमध जाते. दुकान मात्र दोन्ही बाजूंचे एकच असते. सीमा कोणी, कशावरून आखली आणि केव्हा उठणार, हे गल्लीच्या तोंडाशी तेलुगू, उर्दू, हिंदीत आणि आपल्या वस्तीत मराठीतही लिहिलेले असावे. जेवढ्या घरांना घरपोच सामान देता येईल, तेवढीच घरे एका वेळी बंद करावीत.

हे मागायचे तर आपलीही तयारी हवी. आपल्या गल्लीत एकटे वृद्ध किती, रोजची औषधे कोणाला लागतात, कोणाचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, याची यादी आजच करू या. ती फक्त मराठी घरांची नसावी. साथ भाषा विचारून येत नाही. आपणही मदतीला जाताना ती विचारू नये.