राज्य कोणाच्या संमतीने?



राजा देवाने नेमला, असे आम्हांस शतकानुशतके सांगण्यात आले. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्त मात्र वेगळे सांगते. भातशेतीच्या वाटण्या झाल्या, चोरी सुरू झाली. तेव्हा लोकांनी आपल्यातलाच एक निवडला आणि रक्षणाबद्दल त्याला भाताचा वाटा दिला. तो महासंमत. रूसोचा ‘सामाजिक करार’ तर १७६२ सालचा!

परंतु जातिव्यवस्थेसाठी आमची संमती कोणी विचारली होती? आपल्या निफाडशेजारी येवल्यात, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर करून ती व्यवस्थाच नाकारली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. त्यातल्या ‘आम्ही’मध्ये आम्हीही आलो. आपण कर देतो, मत देतो. तो आपला वाटा. मग रक्षणाचा हिशेबही मागू या.

जयभीम!