टूल निवडण्याआधी दोन खाती उघडा



सुरक्षा-चाचणीच्या कामातले तरुण सहकारी भेटले की हमखास विचारतात, वेब आणि एपीआयच्या पेनटेस्टिंगसाठी कोणते टूल घ्यावे? प्रश्न रास्त आहे. परवान्याला पैसे पडतात आणि हात बसायला महिने जातात. पण टूल ठरवण्याआधी, आपल्याला नेमके काय शोधायचे आहे हे ठरायला हवे.

अमेरिकेत फर्स्ट अमेरिकन नावाची, मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा देणारी मोठी कंपनी आहे. तिच्या संकेतस्थळावरची सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रे कुणालाही पाहता येत होती, हे मे २०१९ मध्ये उघड झाले. लॉगिनची गरज नव्हती. लिंकमधल्या क्रमांकाचा एक अंक बदलला की भलत्याच माणसाची बँक खात्याची आणि कर्जाची कागदपत्रे समोर येत. कुठे कोड घुसवलेला नव्हता, सर्व्हर कोलमडला नव्हता. मागितलेले कागद तो नीट काढून देत होता. अशा प्रतिसादात स्वयंचलित स्कॅनरला वावगे काही दिसत नाही.

याहून क्लेशदायक भाग पुढे आहे. कंपनीच्याच चाचणीत हे छिद्र काही महिने आधी सापडले होते. न्यूयॉर्कच्या वित्तीय नियामकाचा आरोप असा होता की त्याची तीव्रता ‘कमी’ अशी नोंदली गेली आणि दुरुस्ती मागे पडली. वरिष्ठांपर्यंत ती माहिती पोचलीच नव्हती, असे अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने २०२१ मध्ये दंड करताना नमूद केले.

ओवास्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेने एपीआयच्या धोक्यांची पहिली यादी २०१९ मध्ये काढली, सुधारित यादी २०२३ मध्ये आली. दोन्हींत पहिला क्रमांक याच जातीच्या दोषाचा आहे: जी नोंद आपली नाही ती हाती लागणे.

तो कसा पकडायचा? परवानगी घेतलेल्या ॲपवर स्वतःची दोन खाती उघडा, एक सुनीताच्या नावाने, दुसरे रमेशच्या. सुनीताच्या खात्यातून तिची ऑर्डर उघडा आणि ती विनंती बर्प या चाचणी-साधनाच्या रिपीटरमध्ये घ्या. पहिल्या ओळीत गेट, पुढे ऑर्डर्स आणि ४५७१ हा क्रमांक दिसेल. आता हेडरमधले सुनीताचे टोकन काढून रमेशचे टोकन चिकटवा आणि सेंड दाबा. ४०३ किंवा ४०४ आले तर इथे तपासणी होते आहे. सुनीताचा पत्ता आणि मोबाइल नंबर आला तर दोष सापडला. नुसत्या २०० या आकड्यावर विसंबू नका. काही सर्व्हर २०० देऊन आत नकार लिहितात, म्हणून प्रतिसाद वाचा. मग टोकन पूर्ण काढून बघा, गेटच्या जागी पुट घालून बघा. बर्पमधले ऑथराइज हे एक्स्टेन्शन प्रत्येक विनंतीसाठी हीच अदलाबदल आपोआप करते, पण कोणती नोंद कुणाची, हे त्याला कळत नाही, ते तुम्हीच ठरवायचे असते.

आता टूलचा प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे. शिकणाऱ्याने झॅप आणि बर्पची मोफत आवृत्ती यांवर हात बसवावा. सायमन बेनेट्स यांनी २०१० मध्ये सुरू केलेले झॅप मुक्त स्रोत आहे, ओपन-एपीआयची फाइल थेट वाचते आणि प्रत्येक बिल्डनंतर आपोआप चालवता येते. बर्पच्या मोफत आवृत्तीत स्कॅनर नाही आणि प्रकल्प जतन करता येत नाही. पोटापाण्यासाठी रोज हेच काम करणाऱ्याने सशुल्क आवृत्ती घ्यावी, पैसे वसूल होतात. एसक्यूएल-इंजेक्शन शोधणारे एसक्यूएलमॅप आणि तयार साच्यांवर चालणारा स्कॅनर न्यूक्लिआय आपापल्या ठरावीक कामाला उत्तम.

ब्राउझरच्या बाजूला निकष वेगळा. आजची पाने जावास्क्रिप्टने उभी राहतात, त्यामुळे नुसत्या एचटीएमएलमधल्या लिंका वेचणाऱ्या क्रॉलरला अर्धे ॲप दिसतच नाही. खरा ब्राउझर उघडून चालणारे साधन घ्या.

आणि एपीआयची यादी मागा. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये ऑप्टस या दूरसंचार कंपनीच्या ९५ लाखांहून अधिक आजी-माजी ग्राहकांची माहिती गेली. यामागची प्रवेश-नियंत्रणाची चूक २०२१ मध्येच मुख्य संकेतस्थळावर दुरुस्त झाली होती, पण वापरात नसलेल्या एपीआयच्या उप-डोमेनवर ती तशीच राहिली, असे तिथल्या नियामकाने न्यायालयात मांडले. विसरलेला पत्ता टूलला कुणी दिलाच नाही, तर ते तपासणार काय?

लेखी परवानगीशिवाय यातले काहीही दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालवू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये हेतू चांगला होता एवढ्यावर सुटका नाही.

शेवटचे मागणे व्हीएपीटीची, म्हणजे अशा सुरक्षा-चाचणीची, निविदा काढणाऱ्या बँका, पतसंस्था आणि सरकारी कार्यालयांकडे आहे. निविदेत टूलांची नावे जरूर विचारा. पण सोबत तीन अटी घाला: प्रत्येक भूमिकेची किमान दोन चाचणी-खाती आम्ही देऊ, सर्व एपीआयची यादी आम्ही देऊ, आणि अहवालातील प्रवेश-नियंत्रणाचा प्रत्येक दोष, तीव्रता कोणतीही लिहिलेली असो, संचालक मंडळापुढे ठेवू. पुढच्या निविदेपासूनच सुरुवात करा.