ब्रेक दगड झाला तेव्हा

बाबांची २४ वर्षं जुनी गाडी. खंबाटकी घाट उतरताना ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखं कडक! सगळा जोर लावला तेव्हा कुठे गाडी थांबली. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं, तर बूस्टरपाशी ‘फुस्स’ आवाज. इंजिनाकडून व्हॅक्यूम आणणारा रबरी पाइप जोडापाशीच चिरला होता.

मेकॅनिककाका म्हणाले, “टेप गुंडाळू नकोस, पाइपच बदल.” व्हॅक्यूमचाच पाइप घेतला, एकमार्गी व्हॉल्व्ह उलटा बसणार नाही हे पाहिलं, क्लिपा आवळल्या.

तुम्हीही तपासा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर गाडी हलवू नका. मेकॅनिकलाच घरी बोलवा!